बचावपटूची कारकीर्द मोजायची कशी? एन्डामुकन सू आणि नेब्रास्काचा २००९ चा हंगाम

माळरान यांचा प्रश्न

नमस्कार. माझा भाचा नेब्रास्का विद्यापीठात, लिंकन शहरी, शिकत आहे आणि त्याच्यामुळे मला अमेरिकेतील महाविद्यालयीन फुटबॉलची गोडी लागली आहे. आक्रमणाची बाजू आता मला बऱ्यापैकी कळते. चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढे सरकायचे, तेवढे जमले की पुन्हा चार प्रयत्न मिळतात, आणि शेवटच्या रेषेपलीकडे चेंडू नेला की टचडाउन होतो. क्वार्टरबॅकने किती यार्डांचे पास दिले, धावणाऱ्याने किती यार्ड काढले, हे आकडे समोर ठेवले की त्या खेळाडूचा हंगाम कसा गेला याचा अंदाज येतो. बचावपटूंच्या बाबतीत मात्र माझे गाडे अडते.

भाच्याने मला ५ डिसेंबर २००९ रोजी झालेल्या बिग ट्वेल्व्ह परिषदेच्या (नेब्रास्का तेव्हा ज्यात खेळत असे त्या विद्यापीठांच्या गटाच्या) अंतिम सामन्याची चित्रफीत आवर्जून पाहायला लावली. नेब्रास्का तो सामना टेक्सासकडून १३-१२ असा हरला. असे असूनही त्या सामन्याचा विषय निघाला की नेब्रास्काचे लोक पराभूत संघातल्या, म्हणजे त्यांच्याच ९३ क्रमांकाच्या खेळाडूचे, एन्डामुकन सू याचे, नाव आधी घेतात, आणि महाविद्यालयीन फुटबॉलमध्ये एखाद्या बचावपटूने एका सामन्यात याहून मोठा खेळ क्वचितच केला असेल असे सांगतात. त्याने त्या दिवशी एकही गुण मिळवला नाही. बहुतेक वेळा तो दोन धिप्पाड खेळाडूंना रेटत असलेला दिसतो आणि चेंडू कुठेतरी दुसरीकडेच असतो.

म्हणून जाणकारांना विचारतो. बचावफळीच्या ऐन मध्यावर उभ्या राहणाऱ्या अशा खेळाडूची कारकीर्द कोणत्या निकषांवर तोलावी? नोंदवलेले आकडे त्यासाठी पुरतात का? आणि सू याची महाविद्यालयातील पाच वर्षे नेमकी कशी घडली, हे कोणी क्रमाने सांगू शकेल का?

उजवा कोपरा यांचे उत्तर

मी बरीच वर्षे कबड्डी खेळलो आणि आता मुलांना शिकवतो, त्यामुळे तुमचा प्रश्न मला आपल्याच मैदानावरचा वाटला. चढाईपटूचे गुण फलकावर चढतात. कोपऱ्यावरचा बचावपटू जबरदस्त असेल तर चढाई करणारा त्याच्या बाजूला फिरकतच नाही, आणि ज्या चढाया त्या बाजूला झाल्याच नाहीत त्यांची नोंद कोणत्याही गुणपत्रकात सापडत नाही. डिफेन्सिव्ह टॅकल या जागेचे मोल बरेचसे अशाच न घडलेल्या गोष्टींत असते.

आता जागेविषयी थोडे सविस्तर सांगतो, कारण तिथेच सगळी मेख आहे. आक्रमक संघाची पुढची रांग पाच जणांची असते: मधोमध सेंटर, त्याच्या दोन्ही बाजूंना एकेक गार्ड आणि त्यांच्याही पलीकडे एकेक टॅकल. या पाच जणांमधल्या फटींना गॅप म्हणतात आणि धावणारा खेळाडू यांपैकीच एखाद्या फटीतून निसटू पाहतो. बचावफळीतील डिफेन्सिव्ह टॅकल हा गार्डच्या किंवा सेंटरच्या जवळपास समोर उभा राहतो. काही पद्धतींत त्याला एकच फट सांभाळून तीतून मुसंडी मारायची मुभा असते. काही पद्धतींत मात्र त्याने समोरच्या गड्याला दोन्ही हातांनी धरून ठेवायचे, चेंडू कुठे जातो ते पाहायचे आणि त्याच्या डावीउजवीकडच्या दोन्ही फटी बंद करायच्या असतात. दुसऱ्या प्रकारात स्वतःच्या नावावर आकडे जमवण्याची संधी फारच थोडी मिळते. त्याच्यावर दोघे जण घालावे लागले की मागे उभा असलेला लाइनबॅकर मोकळा राहतो, पकड तो करतो आणि नोंदही त्याच्याच नावावर होते.

याच कारणाने या जागेवरच्या खेळाडूच्या नावावर संघातल्या सर्वाधिक टॅकल, म्हणजे चेंडू नेणाऱ्याला पाडणाऱ्या पकडी, दिसल्या (जागेचे आणि पकडीचे नाव एकच आहे), तर ती गोष्ट साधी समजू नये. २००८ साली सू याने ७६ टॅकल केल्या आणि नेब्रास्काच्या संघात तो पहिला आला. पुढच्या रांगेतल्या खेळाडूने त्या संघात असा मान मिळवल्याला तोवर ३५ वर्षे झाली होती, कारण यापूर्वीची वेळ १९७३ ची होती.

आकड्यांविषयी तीन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. पहिली म्हणजे राष्ट्रीय महाविद्यालयीन क्रीडा संघटनेने बचावाचे आकडे अधिकृतपणे नोंदवायला २००० सालापासून सुरुवात केली, म्हणून त्याआधीच्या खेळाडूंशी केलेली कोणतीही तुलना त्या-त्या विद्यापीठाच्या स्वतःच्या नोंदींवर विसंबून असते. दुसरी, क्वार्टरबॅकला, खेळी जिथून सुरू होते त्या रेषेमागे पाडले की सॅक होते आणि दोघांनी मिळून पाडले तर दोघांना अर्धी-अर्धी मिळते, त्यामुळे साडेचार सॅक असा आकडा वाचताना बुचकळ्यात पडू नये. महाविद्यालयीन खेळात सॅकमुळे गेलेले यार्ड धावण्याच्या खात्यातून वजा होतात, तर व्यावसायिक खेळात ते पासच्या खात्यातून जातात, आणि हा फरक माहीत नसेल तर एखाद्या संघाचे धावण्याचे आकडे फारच दुबळे भासतात. तिसरी, क्वार्टरबॅकला घाईत पास द्यायला लावल्याची जी नोंद असते ती नोंद ठेवणाऱ्याच्या नजरेवर बरीच अवलंबून असते. मी तिला कमी वजन देतो. याउलट रेषेजवळ हात उंचावून अडवलेला पास सर्वांना दिसतो, आणि २००९ मध्ये सू याने असे दहा पास निकामी केले. जो खेळाडू दोघांशी झुंजत असताना चेंडू सुटण्याचा क्षण ओळखून हात वर करतो, त्याचे डोळे केवढे सावध असतील याचा विचार करा.

लिंकनचा रहिवासी यांचे उत्तर

माळरान, मी लिंकनमध्ये बराच काळ राहिलो आहे, म्हणून कारकिर्दीचा क्रम मी मांडतो.

सू याचा जन्म ६ जानेवारी १९८७ रोजी ओरेगन राज्यातील पोर्टलंड येथे झाला. वडील मूळचे कॅमेरूनचे आणि आई जमैकाची, पेशाने शिक्षिका. लहानपणी तो आपण ज्याला फुटबॉल म्हणतो तोच खेळ खेळत असे, आणि पायांची जी चपळता त्याच्या आकाराच्या माणसात सहसा आढळत नाही तिचे मूळ अनेक जण त्या खेळात शोधतात. पोर्टलंडच्या ग्रँट हायस्कूलमधून तो २००५ साली नेब्रास्कात आला. पहिल्याच वर्षी गुडघ्याच्या दुखापतीमुळे त्याला बाजूला बसावे लागले आणि ते वर्ष रेडशर्टचे धरले गेले, म्हणजे त्याच्या खेळण्याच्या चार वर्षांतून ते वजा झाले नाही. पुढे २००९ चा हंगाम त्याला खेळता आला तो या वाचलेल्या वर्षामुळे.

२००६ मध्ये तो राखीव खेळाडू म्हणून उतरत होता आणि २००७ मध्ये नियमित झाला, परंतु ते वर्ष नेब्रास्काच्या बचावासाठी फार वाईट गेले. ३ नोव्हेंबर २००७ रोजी कॅन्ससने नेब्रास्काला ७६-३९ असे हरवले. नेब्रास्काने तोवरच्या इतिहासात कोणालाही इतके गुण दिले नव्हते. ज्या राज्यात १९६२ पासून मेमोरियल स्टेडियमची एकही जागा रिकामी राहिलेली नाही आणि जिथे पहिल्या फळीच्या बचावपटूंना सरावासाठी काळा सदरा देण्याची परंपरा १९६० च्या दशकात बॉब डेव्हेनी यांच्या काळापासून चालत आली आहे, तिथे हा पराभव लोकांच्या किती जिव्हारी लागला असेल, ते तुमचा भाचा तुम्हाला सांगू शकेल. हंगाम ५-७ असा संपला आणि प्रशिक्षक बिल कॅलहान यांना जावे लागले.

त्यांच्या जागी बो पेलिनी आले. ते त्या वेळी लुइझियाना स्टेटच्या विजेत्या संघाच्या बचावाचे प्रमुख होते. माझ्या मते सू याच्या कारकिर्दीतले खरे वळण इथे आहे. त्याची ताकद पूर्वीही तेवढीच होती. पेलिनी आणि त्यांचे बंधू कार्ल यांच्या हाताखाली त्याला ती शिस्तीत वापरायला शिकवले गेले: आधी हातांनी समोरच्याला रोखायचे, त्याच्या खांद्यावरून चेंडूचा माग घ्यायचा आणि मगच सुटायचे. २००८ साली त्याच्या नावावर साडेसात सॅक लागल्या आणि त्याने दोन पास मधेच हिसकावून थेट टचडाउनपर्यंत नेले. त्यातला एक कोलोरॅडोविरुद्धच्या सामन्यातील अखेरच्या क्षणांचा होता. ॲलेक्स हेनरी याने ५७ यार्डांवरून गोल मारून नेब्रास्काला नुकतीच आघाडी मिळवून दिली होती आणि त्यानंतर सू याने चेंडू हिसकावून ४०-३१ असा निकाल पक्का केला. इतक्या वजनाचा माणूस चेंडू काखेत मारून पळताना ज्यांनी पाहिला त्यांच्या डोळ्यांसमोरून ते दृश्य अजून हललेले नाही.

त्या हंगामानंतर तो व्यावसायिक संघात जाऊ शकला असता. त्याने एक वर्ष थांबायचे ठरवले, आणि डिसेंबर २००९ मध्ये अभियांत्रिकी महाविद्यालयातून बांधकाम व्यवस्थापनाची पदवीही घेतली.

आता २००९ चा हंगाम. नेब्रास्काचे आक्रमण त्या वर्षी अतिशय लंगडे होते आणि संघाला बचावाने अक्षरशः खांद्यावर वाहून नेले. सरासरी एका सामन्याला प्रतिस्पर्ध्यांना दहाच्या किंचित वर गुण मिळाले आणि देशात यापेक्षा कमी गुण कोणीही दिले नाहीत. ८ ऑक्टोबर रोजी मिझुरी राज्यातील कोलंबिया शहरात, मुसळधार पावसात, मिझुरीविरुद्ध तीन सत्रे संपेपर्यंत नेब्रास्का १२-० असा मागे होता. चौथ्या सत्रात २७ गुण करून तो सामना फिरवला. सू याने त्या रात्री क्वार्टरबॅकला पाडले, एकदा त्याच्या हातचा चेंडू उडवला आणि एक पास हिसकावला. ७ नोव्हेंबरला ओक्लाहोमाला १०-३ असे हरवले तेव्हा बचावाने पाच पास पकडले होते. हंगामाअखेर सू याच्या खात्यावर ८५ टॅकल, १२ सॅक आणि तीन अडवलेल्या किक होत्या.

तुम्ही पाहिलेला सामना टेक्सासमधील आर्लिंग्टनच्या नव्या स्टेडियमवर झाला. टेक्सास अपराजित होता आणि जिंकला तर राष्ट्रीय विजेतेपदाचा सामना खेळणार हे ठरलेले होते. नेब्रास्काच्या आक्रमणाने संपूर्ण सामन्यात जेमतेम १०६ यार्ड काढले आणि बाराही गुण हेनरीच्या चार किकमधून आले, यावरून बचावावर किती भार होता याची कल्पना यावी. सू याने १२ टॅकल केल्या, त्यांपैकी सात रेषेमागे, आणि क्वार्टरबॅक कोल्ट मकॉय याला साडेचार वेळा पाडले. एका प्रसंगी त्याने मकॉयला पकडून एखाद्या पोराला भिरकवावे तसे बाजूला फेकले. तो क्षण पुन्हा पाहाल तेव्हा हातांवर लक्ष ठेवा. समोरच्या अडवणाऱ्यातून तो अजून पुरता सुटलेलाही नसतो.

एक मिनिट चव्वेचाळीस सेकंद उरले असताना नेब्रास्काने १२-१० अशी आघाडी घेतली. त्यानंतरची किक मैदानाबाहेर गेल्याने टेक्सासला चाळीस यार्डांच्या रेषेवरून सुरुवात मिळाली आणि पाठोपाठ नेब्रास्काला दंडही झाला. अखेरच्या खेळीत मकॉयने चेंडू बाहेर फेकला तेव्हा घड्याळ शून्यावर पोहोचले होते. पंचांनी चित्रफीत तपासून एक सेकंद परत दिला आणि हंटर लॉरेन्सने ४६ यार्डांवरून गोल मारला. चेंडू रेषेबाहेर पडला तेव्हा घड्याळात एक सेकंद होता, असे मीही मानतो, आणि निर्णय बरोबर होता. तरीसुद्धा त्या पराभवाची सल इथे आजही आहे.

माळरान

आपण दोघांनी इतक्या आस्थेने लिहिलेत, त्याबद्दल मनःपूर्वक आभार. मी चेंडूच्या मागे डोळे लावून पाहत होतो, हे आता उमगले. आणखी एक शंका आहे. त्या वर्षी असोसिएटेड प्रेस या वृत्तसंस्थेने सू याला वर्षातील सर्वोत्तम खेळाडू ठरवले, असे वाचले. असे असताना महाविद्यालयीन फुटबॉलमधील सर्वोत्तम खेळाडूला मिळणाऱ्या हाइजमन चषकाच्या मतदानात तो चौथा कसा आला? बचावपटूंना हा चषक मिळतच नाही का?

जुनी पाने यांचे उत्तर

मला या खेळाच्या इतिहासात विशेष रस आहे, म्हणून उत्तर देतो.

हाइजमन चषक १९३५ पासून दिला जातो. मतदार बहुतांशी क्रीडापत्रकार असतात, त्यांच्यासोबत हयात असलेले पूर्वीचे विजेते मत देतात, आणि प्रत्येक जण तीन नावे क्रमाने लिहितो. पहिल्या नावाला तीन, दुसऱ्याला दोन आणि तिसऱ्याला एक गुण मिळतो. २००९ चे मतदान त्या चषकाच्या इतिहासातील तोवरचे सर्वात अटीतटीचे ठरले: अलाबामाचा मार्क इंग्रम १,३०४ गुणांनी पहिला आला आणि स्टॅनफर्डचा टोबी गेरहार्ट अवघ्या २८ गुणांनी मागे राहिला. मकॉय तिसरा होता. सू याला ८१५ गुण मिळाले आणि १६१ मतदारांनी त्याला पहिल्या क्रमांकावर ठेवले.

यातली मला सर्वात खटकणारी बाब अशी की ज्या क्वार्टरबॅकला सू याने आठवड्यापूर्वी साडेचार वेळा जमिनीवर लोळवले होते, तोच त्याच्या वर गेला. मकॉयचा चार वर्षांचा लौकिक मोठा होता हे मी मान्य करतो. परंतु सू याचे नाव बहुसंख्य मतदारांच्या मनात हंगामाच्या अगदी शेवटच्या सामन्यात शिरले, आणि क्वार्टरबॅकचे नाव पहिल्या आठवड्यापासून रोज छापून येत असते. नेब्रास्काच्या सामन्यांत गुणसंख्या कमी असे, संघ चार वेळा हरला होता, आणि व्हर्जिनिया टेकविरुद्धचा १६-१५ हा पराभव तर आर्लिंग्टनच्या पराभवासारखाच आक्रमणाच्या अपयशाने ओढवला होता. संघाच्या पराभवांचा भार मतदार बचावपटूवर टाकतात आणि विजयांचे श्रेय क्वार्टरबॅकला देतात. मला ही पद्धत अन्यायकारक वाटते.

बचावपटूंना चषक मिळतच नाही असे मात्र म्हणता येत नाही. १९९७ साली मिशिगनचा कॉर्नरबॅक, म्हणजे कडेला राहून पास झेलणाऱ्यांना रोखणारा बचावपटू, चार्ल्स वुडसन टेनेसीच्या पेटन मॅनिंगला मागे टाकून विजेता झाला. त्याच्या विजयाकडे नीट पाहिले तर तुमच्या प्रश्नाचे अर्धे उत्तर हाती येते. ओहायो स्टेटविरुद्धच्या सामन्यात त्याने एक पंट, म्हणजे प्रतिस्पर्ध्याने चेंडू सोडून देताना मारलेली लांब किक, ७८ यार्ड परतवून टचडाउन केला, एंड झोनमध्ये (शेवटच्या रेषेपलीकडच्या पट्ट्यात) पास हिसकावला आणि आक्रमणात उतरून ३७ यार्डांचा एक झेलही घेतला. चेंडू हातात घेऊन धावताना तो मतदारांना दिसला. २०२४ मध्ये कोलोरॅडोचा ट्रॅव्हिस हंटर विजेता ठरला तेव्हा तो कॉर्नरबॅक आणि रिसीव्हर (आक्रमणात पास झेलणारा) या दोन्ही जागा पूर्ण वेळ खेळत होता. दोन स्वतंत्र संघांची, म्हणजे आक्रमण वेगळे आणि बचाव वेगळा अशी, पद्धत रुळल्यापासून निव्वळ बचावाच्या जोरावर हा चषक कोणालाही मिळालेला नाही.

दुसऱ्या क्रमांकापर्यंत काही जण पोहोचले. पिट्सबर्गचा ह्यू ग्रीन १९८० साली साउथ कॅरोलायनाच्या जॉर्ज रॉजर्सच्या मागे राहिला. तो बाजूने मुसंडी मारणारा डिफेन्सिव्ह एंड होता, तीन वर्षे सर्व-अमेरिकन, म्हणजे देशातल्या सर्वोत्तम महाविद्यालयीन खेळाडूंच्या मानाच्या, संघात निवडला गेला, आणि त्याच्या काळात सॅकची अधिकृत नोंद नव्हती, म्हणून त्याचा खरा आवाका आजच्या वाचकाला आकड्यांत सापडत नाही. उजवा कोपरा यांनी २००० सालचा जो मुद्दा मांडला, त्याचे मला आठवणारे सर्वात ठळक उदाहरण हेच आहे. नोत्र देमचा लाइनबॅकर मॅन्टाय टेओ २०१२ मध्ये सात पास हिसकावूनही जॉनी मॅन्झेलच्या मागे दुसरा आला, आणि २०२१ मध्ये मिशिगनचा एडन हचिन्सन ब्राइस यंगच्या मागे. तिघेही बाजूला किंवा मागे खेळणारे होते, जिथे मोकळी जागा असते आणि कॅमेऱ्याला माणूस दिसतो. गर्दीच्या मध्यात उभा राहून इतकी मते मिळवणारा सू म्हणूनच मला या सर्वांत वेगळा वाटतो.

इतर पुरस्कारांनी मात्र त्याची कदर केली. आउटलंड, लोम्बार्डी, नागर्स्की आणि बेडनॅरिक हे चारही त्याला मिळाले, आणि असोसिएटेड प्रेसचा तुम्ही उल्लेख केलेला पुरस्कार मिळवणारा तो पहिलाच बचावपटू होता.

दुसरी बाजू यांचे उत्तर

वरील सर्व विवेचन मी आदराने वाचले आणि त्यातील तपशिलांशी सहमत आहे. तरी कारकिर्दीचा विचार करताना एक गोष्ट नजरेआड करू नये असे मला वाटते. सू २०१० मध्ये व्यावसायिक संघांच्या नवोदित खेळाडूंच्या निवडीत दुसऱ्या क्रमांकावर डेट्रॉइट लायन्सकडे गेला आणि पहिल्याच हंगामात सर्वोत्तम नवोदित बचावपटू ठरला, परंतु २०११ च्या थँक्सगिव्हिंग सणाच्या दिवशीच्या सामन्यात त्याने ग्रीन बे संघाच्या, खाली पडलेल्या खेळाडूवर पाय आपटला आणि त्याच्यावर दोन सामन्यांची बंदी आली. त्यानंतर त्याच्यावर दंडही होत राहिले. महाविद्यालयात ज्या आक्रमकतेचे आपण कौतुक करतो तिला पुढे लगाम राहिला नाही, हे मान्य केले पाहिजे. माझ्या लेखी हा त्याच्या कारकिर्दीवरचा डाग आहे.

त्याच माणसाने व्यावसायिक खेळातला पहिला चेंडू खेळण्यापूर्वी, एप्रिल २०१० मध्ये, आपल्या विद्यापीठाला २६ लाख डॉलर देण्याचे जाहीर केले होते. त्यातील वीस लाख खेळाडूंच्या व्यायाम आणि शक्तिप्रशिक्षणासाठी होते, आणि सहा लाख अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांच्या कायमस्वरूपी शिष्यवृत्तीसाठी. नेब्रास्काच्या माजी खेळाडूने एकरकमी दिलेली तोवरची ती सर्वात मोठी देणगी होती. माळरान, तुमचा भाचा त्याच विद्यापीठात शिकतो, म्हणून ही बाब मुद्दाम नोंदवली.

लिंकनचा रहिवासी

दुसरी बाजू यांनी म्हटलेले खरे आहे आणि थँक्सगिव्हिंगच्या त्या कृत्याचे समर्थन मी कधीही करणार नाही. इतकेच सांगतो की तो त्यानंतरही दीर्घकाळ खेळला, मायामी आणि लॉस एंजेलिस असे करीत टँपा बे संघासोबत फेब्रुवारी २०२१ मध्ये सुपर बोल, म्हणजे व्यावसायिक फुटबॉलचा अंतिम सामना, जिंकला, आणि २०२२ च्या हंगामात फिलाडेल्फियाकडून पुन्हा त्या सामन्यापर्यंत पोहोचला. त्या जागेवर, जिथे गुडघे आणि पाठ प्रत्येक खेळीला पणाला लागतात, तेरा हंगाम टिकणे फार थोड्यांना साधते.

उजवा कोपरा

माळरान, पुढे काय पाहावे हे तुम्ही विचारले नसले तरी सुचवतो, कारण सवय पाहण्यातूनच लागते.

प्रथम ३१ ऑक्टोबर २००९ चा बेलरविरुद्धचा सामना पाहा. त्या दिवशी सू याच्या शेजारी खेळणाऱ्या जॅरेड क्रिकने १३ टॅकल आणि पाच सॅक केल्या. नेब्रास्कात एका सामन्यात इतक्या सॅक करण्याचा तो विक्रम होता. सामना पाहताना प्रत्येक खेळीत सेंटर कोणाकडे वळतो तेवढेच टिपून ठेवा. सेंटर सू याच्याकडे वळला की क्रिकसमोर एकटा गार्ड उरतो. क्रिकच्या गुणवत्तेला कमी लेखण्याचा माझा मुळीच हेतू नाही, त्याने मिळालेल्या संधीचे सोने केले. पण सू याच्या खात्यावर त्या दिवशी जे लागले नाही, ते त्याच्या शेजाऱ्याच्या खात्यावर कसे गेले हे इतक्या स्पष्टपणे दाखवणारा दुसरा सामना मला माहीत नाही.

मग टेक्सासचा सामना पुन्हा पाहा आणि या वेळी चेंडू सुटताच तो सोडून द्या. तिसऱ्या प्रयत्नांवर, जेव्हा टेक्सासला पास देणे भाग असते, तेव्हा मकॉयच्या पायांकडे पाहा. सामना पुढे सरकतो तसतसा तो पास देण्याआधी मागे-पुढे सरकू लागतो, मोकळा झालेला साथीदार पूर्णपणे दिसण्याआधीच नजर खाली आणतो, आणि ज्या खेळीत सू त्याच्यापर्यंत पोहोचलेलाही नसतो तिथेही त्याची घाई होते.

सवड मिळाली तर ३० डिसेंबर २००९ चा हॉलिडे बोल हा हंगामानंतरचा सामनाही बघा. सू याचा तो नेब्रास्कासाठी शेवटचा सामना होता आणि ॲरिझोनाला त्यात एकही गुण मिळाला नाही. निकाल ३३-० असा होता.